रुसायला कोपरा

आईनं एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं भाषांतर करताना खोटं बोलले. एवढीच गोष्ट. दीड वर्ष झालं तिला, पण चहा उकळताना, सिग्नलला थांबल्यावर, अशी कधीही ती मधेच टोचते. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी एक जुनं अष्टकोनी घर आहे. आमच्या मिलवॉकीहून गाडीनं तासाभरावर. जॉन रिचर्ड्स नावाच्या, वकिली करून गिरण्याही चालवणाऱ्या गृहस्थानं ते १८५४ साली टेकाडावर बांधलं. आता ते गावातल्या इतिहास मंडळाकडे आहे आणि उन्हाळ्यात तिथल्या हौशी आजीबाई घर फिरवून दाखवतात. आमच्या वाट्याला आलेल्या आजीबाई फारच गोड होत्या. आईला इंग्रजी कळत नाही हे ओळखून प्रत्येक वाक्य तिच्याकडे बघून, सावकाश, हातवारे करत बोलायच्या. घराच्या ऐन मध्यातून चक्राकार जिना वर जातो. वरच्या मजल्यावर कठड्याला धरून आम्ही खाली वाकून पाहत होतो. जुन्या लाकडाचा, पॉलिशचा आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या खोल्यांचा असा एक वास असतो, तो जिन्यातून वर येत होता. आजीबाईंनी विचारलं, काही शंका? आई माझ्याकडे वळून म्हणाली, "सगळं छान आहे गं. पण ह्या घरात रुसून बसायचं कुठे?"

आजीबाई उत्सुकतेनं माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "तिला जिना फार आवडला."

झालं! त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढची पाच मिनिटं त्या जिन्यावरच बोलत राहिल्या. आई मान डोलावत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "नंतर सांगते."

आता हे खोटं का बोलले, तर त्याला आदल्या रात्रीचा संदर्भ होता. नवऱ्याची नोकरी गेली होती. महिना झाला होता, आणि नगरला कुणाला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आईनं ते फोनवर मावशीला सांगून टाकलं. मुद्दाम नाही, मन मोकळं करायला. मला कळलं तेव्हा मी ताटावरच बोलले, "तुला काही सांगायची सोयच राहिली नाही." मुलगा समोर होता, जावई समोर होता. आई काही बोलली नाही. ताट उचललं, घासलं, ओटा पुसला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हिला जायला जागाच नाहीये. आमचं घर म्हणजे हल्लीच्या पद्धतीचं सगळं सलग. स्वयंपाकघर, जेवायचं टेबल, सोफा, टीव्ही, मधे एक भिंत म्हणून नाही. घर बघायला आलो तेव्हा ह्याच मोकळेपणावर मी भाळले होते. आई जिथे झोपायची त्या खोलीत नवरा लॅपटॉप उघडून मुलाखतीच्या तयारीला बसला होता. ती थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिली, मग दिसेनाशी झाली. तासाभरानं मी शोधायला गेले तर आमच्या कपड्यांच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ येत होती. कपड्यांची खोली म्हणजे हँगर, बुटांचे खोके आणि आईची रिकामी बॅग. ती त्या बॅगेवर बसली असणार. मी दार वाजवलं नाही. दार वाजवायला हवं होतं की नको, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

सकाळी वॉटरटाउनला जायचं आधीच ठरलं होतं म्हणून निघालो. गाडीत कुणी बोललं नाही. दोन्ही बाजूंना मका.

गंमत म्हणजे घर लांबून दिसल्याबरोबर आईची कळी खुलली. "अगं, ही तर आपली चांदबिबी!" नगरच्या माणसाला अष्टकोनाचं अप्रूप ते काय असणार? चांदबिबीचा महाल म्हणून आम्ही शाळेच्या सहलीला ज्या डोंगरावर चढायचो, तो मुळात सलाबतखानाचा मकबरा, अष्टकोनी आणि तीन मजली. लांबून एस.टी.च्या खिडकीतून दिसला की आलं नगर. आईनं वॉटरटाउनच्या घराला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली. बोटानं दिशा मोजल्या, पूर्व, आग्नेय, दक्षिण. वास्तुशास्त्रात ईशान्य म्हणजे नेहमी कोपरा, इथे ईशान्येला अख्खी भिंतच भिंत! "देवांना काय ऐसपैस जागा आहे बघ," असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. आदल्या रात्रीनंतरचं तिचं पहिलं हसू. मला वाटलं, मिटलं. मग आत गेलो, मजले चढलो आणि तिनं तो प्रश्न विचारला. नंतर पार्किंगमध्ये ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "चांदबिबीच्या महालाचं वेगळं. तिथे कुणाला राहायचं नव्हतं."

त्या रात्री मी अष्टकोनी घरांवर जे सापडेल ते वाचत बसले. झोप येत नसली की मी असले उद्योग करते. ह्या वेडाच्या मुळाशी एक माणूस आहे, ऑर्सन स्क्वायर फाउलर. जन्म १८०९, न्यूयॉर्क राज्यातला. त्याचा मूळ धंदा डोकी चाचपण्याचा. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगायचं जे शास्त्र त्या काळी जोरात होतं, त्यातलं हे बडं प्रस्थ. त्याच्या भावानं १८४९ साली वॉल्ट व्हिटमनचं डोकं चाचपून बघितलं होतं आणि आलेल्या निकालावर कवी महाशय भलतेच खूश झाले होते. तर ह्या फाउलरनं १८४८ मध्ये ‘अ होम फॉर ऑल’ नावाचं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की निसर्ग बघा, फळं गोल, अंडी गोल, डोकंही गोलच. चौकोन निसर्गाला मान्य नाही. पण गोल भिंत बांधणं अवघड आणि खर्चाचं, म्हणून त्याच्या जवळात जवळ जाणारा अष्टकोन घ्या. भिंत कमी, जागा जास्त, उजेड जास्त. कोपरे म्हणजे वाया गेलेली जागा. आणि बाईमाणसाची पायपीट वाचते, सगळं मध्याभोवती हाताशी येतं. स्वतःला शिल्पशास्त्राचा गंध नसताना ह्या माणसानं एवढ्या आत्मविश्वासानं लिहिलं की पुढच्या दहाएक वर्षांत अमेरिकेत शेकडो अष्टकोनी घरं उभी राहिली. मला असली माणसं आवडतात आणि त्यांची थोडी भीतीही वाटते. एक माणूस ओट्याशी कधी उभा न राहता ओट्याचा नकाशा बदलतो, ह्यात काहीतरी खुपतं.

हिशेब मात्र चोख आहे. माझे बाबा जन्मभर नकाशे काढायचे, त्यामुळे असा हिशेब समोर आला की मला तो करून पाहिल्याशिवाय राहवत नाही. समजा तुमच्याकडे ८० फूट भिंतीचे पैसे आहेत. चौकोन केलात तर २० बाय २०, म्हणजे ४०० चौरस फूट. तेवढ्याच भिंतीचा अष्टकोन करा, दहा-दहा फुटांच्या आठ बाजू, की आत जवळजवळ ४८३ चौरस फूट मावतात. तेवढ्याच विटांत वीस टक्क्यांवर जागा फुकट. बाबा असते तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून म्हटलं असतं, "जागा मिळाली, पण कपाट कुठे लावशील?" आणि तिथेच तर सगळं अडतं. पलंग चौकोनी, कपाट चौकोनी, टेबल चौकोनी. म्हणून फाउलरच्या धर्तीच्या घरांत आत शिरल्यावर पुन्हा चौकोनी खोल्याच पाडलेल्या दिसतात. चार दिशांना चार मोठ्या खोल्या, मधे जिना. आणि मग ह्या खोल्यांच्या सांध्यात, चार तिरक्या भिंतींशी, उरतात चार त्रिकोण.

त्या त्रिकोणांकडे मी नंतर येते. आधी कोपऱ्याचं सांगायला हवं.

आमचा नगरचा वाडा आता नाही, तिथे चार मजली इमारत आहे. पण वाड्याच्या माजघरात, धान्याच्या कणगीच्या आणि भिंतीच्या मधे हातभर रुंद कोपरा होता. तो आईचा. तिला कुणी दिलेला नव्हता, तिनं मागितलेला नव्हता. आजीशी वाजलं, बाबांनी काही लागेलसं बोललं, की आई सुपात तांदूळ घेऊन तिथे जाऊन बसायची. भिंतीकडे तोंड करून. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायची. तिथे शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा होता आणि कणगीतल्या ज्वारीचा, त्यात घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. मी पाच-सहा वर्षांची असेन. घरात एकदम सगळ्यांचे आवाज खाली यायचे. भांडं ठेवायचं तेही हळू. अर्ध्या तासानं आजी तांब्या भरून माझ्या हातात द्यायची, "जा, तिला पाणी देऊन ये." स्वतः नाही जायची. मी तांब्या सांडत सांडत न्यायचे. आईनं पाणी प्यायलं तर निम्मं मिटलं. नाही प्यायलं तर बाबांना यायला लागायचं. ते यायचे, खाकरायचे, आणि भलतंच काहीतरी विचारायचे, माझं पेन पाहिलंस का, वगैरे. पेन त्यांच्या खिशात असायचं. आई न बघता म्हणायची, "खिशात." मग सूप बाजूला व्हायचं.

आता वाटतं, त्या कोपऱ्याची गंमत अशी होती की तो धड लपलेला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ दिसायची. रुसलेल्या माणसाला दार लावून बसायचं नसतं. त्याला दिसायचं तर असतं, पण कुणी बघायला नको असतं. दशरथाच्या महालातसुद्धा कैकेयीसाठी कोपगृह होतंच की. राजवाडा म्हणून तिला अख्खी खोली, आमच्यात कणगीमागची हातभर जागा. कोप आणि कोपरा ह्यांचं भाषाशास्त्रात काही नातं नसेल, पण आमच्या घरात होतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या कोपऱ्याबद्दल मी हे जे जिव्हाळ्यानं लिहितेय, ते तिथे मला कधी बसावं लागलं नाही म्हणून. एवढ्या मोठ्या वाड्यात एका बाईच्या वाट्याला हक्काची जागा आली ती एवढीच, आणि तीही रुसल्यावर. फाउलरला बायकांच्या पायपिटीची काळजी तरी वाटली. आमचा वाडा बांधणाऱ्याला तीही वाटली नसावी.

फाउलरच्या स्वतःच्या घराची मात्र शोभा झाली. न्यूयॉर्क राज्यात फिशकिलला त्यानं चार मजल्यांचं, साठेक खोल्यांचं अवाढव्य अष्टकोनी घर बांधलं. काम १८४८ ते ५३ चाललं. भिंती चुना, वाळू आणि खडी कालवून ओतलेल्या. ही युक्ती त्यानं विस्कॉन्सिनमध्येच पाहिली होती, मिल्टन गावात, जोसेफ गुडरिचनं १८४४ मध्ये बांधलेल्या खानावळीत. तिचा दर्शनी भाग षट्कोनी आहे आणि ती अजून ठणठणीत उभी आहे. गुरूचं घर टिकलं, शिष्याचं नाही. १८५७ ची मंदी आली, फाउलरनं घर भाड्यानं दिलं, तिथे विषमज्वराची साथ झाली. सांडपाणी भिंतीतून पाझरून विहिरीत उतरलं असं सांगतात. घर ह्या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि शेवटी १८९७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. भूमितीत एवढा हुशार माणूस, आणि घात झाला तो मोरीच्या पाण्यानं. कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

मिसिसिपीत नॅचेझला लाँगवूड नावाचं आणखी एक आहे, त्याचे फोटो मी बराच वेळ बघत बसले. हॅलर नट नावाच्या कापूसवाल्या जमीनदारानं १८६० मध्ये बत्तीस खोल्यांचा अष्टकोनी महाल काढला, वर कांद्यासारखा घुमट. दुसऱ्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं आणि फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी पळाले. तळघरातल्या नऊ खोल्या गुलामांच्या हातून पुऱ्या करून घेतल्या. नट १८६४ मध्ये गेला, बायको-मुलं त्या तळघरातच राहिली. वरचे मजले आजही तसेच आहेत, उघड्या विटा, उघड्या तुळया. ‘सर्वांसाठी घर’ म्हणून निघालेला आकार गुलामांच्या मालकाला जास्त आवडावा, हे वाचून मी लॅपटॉप मिटला. आणि इकडे मिल्टनच्या त्या षट्कोनी खानावळीच्या तळघरातून शेजारच्या लाकडी झोपडीपर्यंत भुयार आहे. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना तिथे लपवायचे. एका घरात दडायला भुयार, दुसऱ्यात राबायला तळघर.

आता ते त्रिकोण.

मध्यंतरी मुलाचा भूमितीचा गृहपाठ चालला होता. त्याच्या कंपासपेटीतला पंचेचाळीसचा गुण्या टेबलावर पडला होता. बाबांचा गुण्या असाच, पण सेल्युलॉइडचा, पिवळा पडलेला, एका टोकाला टवका उडालेला. मी सहज कागदावर फाउलरचा अष्टकोन काढायला घेतला. आधी मोठा चौकोन, मग त्याचे चार कोपरे गुण्यानं छाटायचे. प्रत्येक छाटलेला तुकडा म्हणजे गुण्याच, काटकोन त्रिकोण, दोन बाजू सारख्या. झाला अष्टकोन. मग आत चौकोनी खोल्यांच्या रेघा मारल्या आणि सांध्यातले ते उरलेले त्रिकोण दिसायला लागले. गुण्या ठेवून पाहिला. तंतोतंत तोच! बाहेरून छाटलेला कोपरा आणि आत उरलेला त्रिकोण एकाच मापाचे, जणू तिरक्या भिंतीवर कागदाची घडी घालून बाहेरचा कोपरा आत दुमडला. मी खरंच घडी घालून पाहिलं. जुळतं. आणि एवढ्यावर थांबत नाही. त्या त्रिकोणी खोलीत काटकोन एकच, बाकीचे दोन कोपरे पंचेचाळीस अंशांचे. साध्या चौकोनी घरातल्या कोपऱ्याच्या निम्मे, असे की तिथे केरसुणीसुद्धा धड शिरणार नाही. कोपरे मोडायला निघालेल्या माणसाच्या घरात असे आठ अणकुचीदार कोपरे! ह्या जागांचं करायचं काय, तर कुठे कपाट केलं, कुठे कपड्यांची खोली, कुठे न्हाणी. फाउलरला कपाटांचं भारी कौतुक होतं, घरात भरपूर हवीत असं तो बजावून सांगायचा. वॉटरटाउनला आजीबाईंनी असं एक दार उघडून दाखवलं होतं. आत खुंट्या, तिरकी भिंत, धुळीचा कोरडा वास. आम्ही तिघांनी एकेक करून डोकावलं आणि पुढे गेलो. आईनं त्यात जरा जास्त वेळ डोकं घातलं होतं, हे मला घडी घातलेला कागद हातात असताना आठवलं.

म्हणजे उत्तर होतं. आजीबाईंना नीट विचारलं असतं, तर काय सांगावं, त्यांनी हसून तेच दार पुन्हा उघडलं असतं. त्या घरात रिचर्ड्सांच्या पिढ्या १९३७ पर्यंत नांदल्या. ऐंशीएक वर्षांत कुणीतरी रुसलंच असणार, आणि कुठेतरी बसलंच असणार.

नवऱ्याला नोकरी लागून आता वर्ष होईल. आई नगरला आहे, भावाकडे, त्या चार मजली इमारतीत. परवा रविवारी फोन केला तेव्हा ती शेंगा सोलत होती, फोन कशालातरी टेकवून ठेवलेला, मला नुसते तिचे हात आणि परात दिसत होती. मी म्हटलं, आई, ते अष्टकोनी घर आठवतं का गं? चांदबिबीसारखं?

"न आठवायला काय झालं," ती म्हणाली. "तू सांगितलंच नाहीस पुढे, ती बाई काय म्हणाली ते. एवढं पाच मिनिटं सांगत होती बिचारी."

मला काही क्षण बोलताच येईना. दीड वर्ष ही उत्तराची वाट बघत होती. मग मी म्हटलं, ती म्हणाली की प्रत्येक मजल्यावर तिरक्या भिंतीशी त्रिकोणी खोली आहे ना, कपड्यांची, तू डोकावलीस ती, तिथे बसायचं.

परातीतले हात थांबले. शेंगेचं एक टरफल तिनं उगीच बोटांत फिरवलं.

"आतून कडी आहे का त्याला?"